ठेवीतली गाढवीण

मागच्या वर्षी, गुरं माळावरून खाली उतरायच्या सुमाराला, उत्तरेकडचा एक यात्रेकरू आपली लंगडी गाढवीण पोन्सच्या गोठ्यात बांधून पुढे गेला. तेव्हापासून पोन्स माणसांशी आणखीनच कमी बोलू लागला. आधीही तो फार बोलणारा होता अशातला भाग नाही. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि पेरलेव गाव असं उघड्या माळाच्या कडेला होतं की दोन घरांमध्ये उभं राहून बोलू लागलं तर निम्मे शब्द वारा घेऊन जाई.

पोन्सचं काम घंटेचं. माळावर धुकं उतरलं किंवा बर्फाचं वादळ सुटलं की चर्चच्या मनोऱ्यातली मोठी घंटा वाजवायची. दूर गॅलिसियात संत जाकच्या थडग्याच्या यात्रेला जाणारे आणि तिकडून परतणारे सगळे हा माळ ओलांडूनच येत. धुक्यात वाट सुटली की एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला दलदल. म्हणून ही घंटा. तिला गावात हरवलेल्यांची घंटा म्हणत. नुसते टोले देत सुटायचं नसे. थोडे टोले द्यायचे, मग दोर घट्ट धरून थांबायचं आणि कान द्यायचा. कुणी हरवलेलं असेल तर ते त्या शांततेत हाक मारतं. धुकं निवळेपर्यंत घंटावाल्याने दोर सोडायचा नाही, असा गावचा रिवाज होता. त्याबद्दल धर्मशाळेकडून पोन्सला राहायला एक खोली, मागे गोठा आणि रोजचा काळा पाव मिळे.

दुसरा रिवाज ठेवीचा. यात्रेला जाणारा माणूस वाटेत जे मागे ठेवून जाईल, मग तो झगा असो, भांडं असो की जनावर, ते पुढच्या वर्षीच्या, हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या संत मार्टिनच्या सणापर्यंत त्याचं. तो परतला तर पुढे जो सण येईल त्या दिवशी चर्चच्या दारात पाद्रीबाबांसमोर त्याची वस्तू त्याच्या हाती द्यायची. नाही परतला, तर ज्याने सांभाळली त्याची.

गाढवीण ठेवून गेलेल्या माणसाचं नाव कोलार. उंच, किडकिडीत, पोन्सच्याच वयाचा. त्याची भाषा गावात एकट्या पाद्रीबाबांना कळे. ते तरुणपणी उत्तरेत राहून आले होते. गाढविणीच्या पुढच्या खुरात पू झाला होता. कोलारने तिच्या मानेवर हात ठेवला, पोन्सकडे बोट दाखवलं, आणि ईस्टरला येतो असं पाद्रीबाबांकरवी सांगून काठी टेकत निघून गेला. तिचं नाव काय ते त्याने सांगितलंच नाही. पोन्स तिला ग्रीझा म्हणू लागला, कारण ती राखाडी होती आणि त्याला दुसरं काही सुचलं नाही.

ईस्टर झाला. कोलार आला नाही. उन्हाळा झाला, गवत कापून झालं, तरी आला नाही. खूर केव्हाच बरा झाला होता. ग्रीझा आता पाण्याच्या घागरी वाही, दळण नेई, आणि संध्याकाळी पोन्स गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून सूप पीत असताना त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राही. पोन्स तिला दिवसभराचं सांगे. सांगण्यासारखं फारसं नसे. चक्कीवाल्याने आज पुन्हा पीठ ओलं दिलं. बायकोला, एग्लीनाला, असलं पीठ अजिबात चालत नसे. मनोऱ्यात कावळ्यांनी घरटं केलंय. ग्रीझा ऐके, किंवा निदान कान हलवी.

गावात हसायला विषय झाला. धर्मशाळेच्या स्वयंपाकघराची बर्मोंदा तर त्याला सोडतच नसे. विहिरीवर दोघं दिसली की लांबूनच ओरडे, "काय रे पोन्स, आज बाईसाहेबांना भूक कशी काय आहे?"

"खाते की."

"आणि तू? तू खातोस की तुझंही तीच खाते? परवा पाव नेलास तो तिच्याच पोटात गेला म्हणे. अरे, लग्नच लावून टाका एकदा. मी करवली होते."

पोन्स कळशी भरी. त्याचे कान मात्र लाल होत.

कोलार गेला त्या दिवसापासून पोन्स रोज झोपण्याआधी त्याच्यासाठी प्रार्थना करी. ज्याची ठेव सांभाळायची त्याच्या सुखरूप परतण्यासाठी दोन शब्द बोलायचे, हेही रिवाजातच होतं. उन्हाळ्यात कधीतरी ती प्रार्थना राहून जाऊ लागली. आधी थकव्याने. मग नुसतीच. आणि आपण ती म्हणत नाही आहोत हे पोन्सला रोज झोपताना बरोबर आठवे.

संत मार्टिनच्या आदल्या दिवशी सकाळी परतीचे दोन यात्रेकरू दरीतून वर चढून आले. धर्मशाळेच्या चुलीपुढे बसून त्यांनी जोडे काढले. एक गप्प होता, दुसरा बोलका, लाल नाकाचा. पोन्स त्याच वेळी आपला पाव न्यायला आला होता.

"पेरलेव हेच ना?" लाल नाकवाल्याने बर्मोंदाला विचारलं. "मग इथे एक गाढवीण असेल."

"एकच कशी, गाढवं पुष्कळ आहेत गावात," बर्मोंदा म्हणाली. "तुम्हाला कसलं पाहिजे?"

"मला नको हो बाई. मागून एक म्हातारा येतोय. उत्तरेकडचा, लांबलचक. गॅलिसियात तापाने पडला होता महिनोन्महिने, पार काडी झालीय त्याची. भाषा येत नाही, पण वाटेत भेटेल त्याला दोन बोटांचे कान करून दाखवतो आणि विचारतो, पेरलेव, पेरलेव? रात्री खालच्या गावात आमच्याबरोबरच होता. पायाला चिंध्या बांधत बसलाय. दुपारपर्यंत पोचेल वर."

बर्मोंदाने पोन्सकडे पाहिलं. चेष्टा करायला उघडलेलं तोंड तिने मिटलं.

"आला तर मग," ती नुसती म्हणाली.

पोन्स पाव घेऊन घरी आला. ग्रीझाने पावाकडे तोंड नेलं तेव्हा त्याने तिला सगळाच देऊन टाकला. मग तो बराच वेळ दाराशी उभा राहिला. एकच दिवस उरला होता. उद्या दुपारची प्रार्थना झाली की ती त्याची होणार होती, रिवाजाने, सगळ्या गावासमोर. आणि तो मनुष्य आजच येत होता.

त्याने काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. हातच चालू लागले. त्याने ग्रीझाच्या गळ्यात दोर बांधला, पाठीवर गवताचा भारा टाकला आणि घरामागच्या बाजूने, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, तिला माळावर नेलं. वर गुराख्यांची दगडी झोपडी होती. उन्हाळ्यात तिथे चीज करत. आता गुरं खाली गेल्यामुळे ती रिकामी होती. त्याने ग्रीझाला आत घातलं, गवत सोडलं, दाराला फळी लावून बाहेरून दगड टेकवला. गाढवीण मेली म्हणून सांगू, तो स्वतःशी म्हणाला. खूर सडून मेली. उद्या सण उलटला की तो जाईल आपल्या वाटेने.

परत येताना तो बायकोशी बोलला नाही. एरवी माळावर एकटा असला की तिच्याशी बोलत असे.

गावात पोचेपर्यंत दरीकडून धुकं वर सरकू लागलं होतं. बघता बघता शेवटचं घर गेलं, मग विहीर गेली, मग समोरचा हातही दिसेना. पोन्स मनोऱ्यात शिरला आणि दोर धरला.

टोले दिले. थांबला. कान दिला. काही नाही. पुन्हा टोले दिले. घंटा वाजवताना त्याचं मन एरवी शांत होत असे. आज ते वाजवलेल्या प्रत्येक टोल्यातून त्याला हसत होतं. आपण त्या माणसाला गावात बोलावतोय, आणि तो आला की त्याला खोटं सांगणार आहोत.

तो पुन्हा थांबला, आणि त्या शांततेत ग्रीझा ओरडली.

आवाज लांबून आला, पण स्पष्ट. गाढवाचं ओरडणं कुणाला ओळखावं लागत नाही. पोन्सच्या हातातला दोर सुटता सुटता राहिला. घंटा ऐकू आली की ती नेहमी ओरडत असे, गोठ्यातूनसुद्धा. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि झोपडी कुठे होती? दरीतून येणारी वाट जिथे माळावर चढते त्याच्या वरच्या अंगाला. वाट आणि झोपडी यांच्या मधोमध दलदल. वाटेवरचा माणूस घंटेकडे आला तर गावात पोचणार होता. त्या ओरडण्याकडे गेला तर थेट चिखलात. आणि वाटेवर असा एकच माणूस होता जो घंटा सोडून त्या आवाजाकडे जाईल.

मनोऱ्याचं दार ढकलून बर्मोंदा आत आली. पीठ लागलेले हात तिने एप्रनला पुसले.

"पोन्स, ती तुझी ना? वर काय करतेय ती?"

पोन्सने टोले दिले.

"सुटली का गोठ्यातून?"

"नाही."

"मग?"

"मी ठेवलीय. झोपडीत."

बर्मोंदाला समजायला एक क्षण लागला. मग तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले. एरवी तोंडाचा पट्टा सुरू व्हायला एवढं पुरे होतं, पण तिचा आवाज खाली गेला. "त्याला द्यायची नाही म्हणून?"

"हो."

"आणि तो आता त्या आवाजामागे चिखलात जाईल."

"हो."

"गाढवा," ती म्हणाली. शिवी दिली तशी नव्हे, जणू दुसरं नावच सापडत नव्हतं. मग तिने त्याच्या हातातून दोर हिसकावून घेतला. "जा. मी वाजवते. रोज पीठ तिंबते, दोर ओढायला काय लागतं. जा म्हणते ना!"

"दोर सोडायचा नसतो."

"मी धरलाय ना? कोण सोडतंय? चालता हो!"

पोन्स धुक्यात शिरला. आयुष्यात पहिल्यांदाच तो घंटेच्या दुसऱ्या बाजूला होता. मागून टोले येत होते, बर्मोंदाचे, घाईघाईचे, मध्ये थांबायलाच विसरणारे. पाय वाट ओळखत होते. इथे उतार, इथे दगडांची रांग, इथे झुडपं. त्याने हाक मारली, "कोलार!" त्याने ते नाव मोठ्याने असं कधी उच्चारलं नव्हतं. उत्तर नाही. वरच्या बाजूला ग्रीझा पुन्हा ओरडली, आणि मग एकदम गप्प झाली.

ती गप्प झाली याचा अर्थ काय, हे त्याला कळेना. तो दलदलीच्या काठाकाठाने, गवताच्या गठ्ठ्यांवर पाय टाकत वर चढला. एका ठिकाणी चिखलात खोल खड्डे पडले होते, माणसाच्या पायांचे, आणि त्यात पाणी भरत होतं. शेजारी एक चिंधी पडली होती. पोन्स तिथे गुडघ्यावर बसला आणि हात कोपरापर्यंत चिखलात घालून चाचपू लागला. हाताला काही लागलं नाही. खड्डे पुढे गेले होते. तो त्यांच्यामागे जवळजवळ रांगतच गेला.

झोपडीचं दार उघडं होतं. दगड बाजूला लोटलेला होता. आत कोणी बोलत होतं.

पोन्स दाराबाहेरच थांबला. आत कोलार जमिनीवर बसला होता, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला, पाठ ग्रीझाच्या पायांना टेकवून. तिने मान खाली घालून हनुवटी त्याच्या खांद्यावर ठेवली होती. तो बोलत होता. भाषा पोन्सला कळत नव्हती, पण ते बोलणं त्याच्या ओळखीचं होतं. त्यात कुठे वर चढणं नव्हतं, कुठे प्रश्न नव्हता. दिवसभराचं सांगतात तसं. वर्षभराचं सांगत असावा. मधूनच तिला तो एका नावाने हाक मारी, आणि त्या नावाला तिचे कान ग्रीझा म्हटल्यावर कधी हलले नव्हते तसे हलत.

पोन्स थंडीत उभा राहून ऐकत राहिला. दार ओलांडून आत जायला त्याला बराच वेळ लागला.

त्याला पाहून कोलार उठायला गेला आणि पडला. पोन्सने त्याला काखेत धरून उभं केलं. केवढा हलका झाला होता तो! कोलारने आधी घंटेच्या दिशेने बोट दाखवलं, मग गाढविणीकडे, मग पोन्सच्या चिखलाने भरलेल्या हाताकडे. आणि त्याने तो हात दोन्ही हातांत धरून ओठांना लावला. पोन्सने हात ओढून घेतला.

"चल," तो म्हणाला. "धर हिची शेपटी. घट्ट धर."

ती तिघं घंटेकडे चालू लागली.

त्या संध्याकाळी धर्मशाळेत कोलारने चुलीशी बसून सगळी हकीगत सांगितली आणि पाद्रीबाबांनी ती गावाला समजावली. तो चिखलात रुतला होता. घंटेचा आवाज सगळीकडून येतोय असं वाटत होतं. तेवढ्यात ती पुन्हा ओरडली, आणि तिच्या आवाजाच्या रोखाने तो हात मारत बाहेर निघाला. पोन्सने तिला मुद्दाम तिथे ठेवलं होतं, त्याला वाट दाखवायला.

"असा घंटावाला मी दुसरीकडे पाहिला नाही, असं म्हणतोय तो," पाद्रीबाबा म्हणाले.

लोकांनी पोन्सकडे वळून पाहिलं. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. लाल नाकवाला यात्रेकरू आपला पेला उंचावत म्हणाला, "घंटावाले, तुमचं नाव घेईन मी पार ल पुईला घरी पोचेपर्यंत!" पोन्स खाली बघत बसला. बर्मोंदा सूप वाढत होती. त्याच्या वाडग्यात तिने डुकराच्या चरबीचा मोठा तुकडा टाकला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "खा आणि गप्प बैस. कुणाचं काही बिघडलं नाही."

त्याच्याने खाववलं नाही.

सकाळी आभाळ निवळलं होतं. दुपारची प्रार्थना संपल्यावर गाव चर्चच्या दारात जमलं, कारण संत मार्टिनच्या दिवशी ठेवींचं काम असे. पोन्सने ग्रीझाला खरारा करून आणलं होतं. पहिल्यांदा एका विधवेचं कांबळं देऊन झालं, मग एक तांब्याची किटली. मग पाद्रीबाबांनी कोलारला पुढे बोलावलं आणि पोन्सकडे वळून दरवर्षीचा प्रश्न विचारला.

"पोन्स, या माणसाने जे ठेवलं ते तू इमानाने ठेवलंस?"

याचं उत्तर ठरलेलं असे. इमानाने ठेवलं, एवढंच. आजवर कुणी दुसरं काही म्हटलेलं नव्हतं.

"नाही," पोन्स म्हणाला.

पाद्रीबाबांना वाटलं त्याला ऐकू आलं नाही. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"नाही बाबा. काल मी हिला लपवली होती. मेली म्हणून सांगणार होतो. वाट दाखवायला नव्हती ठेवली. माझ्यामुळेच तो चिखलात गेला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि थांबलं. बर्मोंदाने कपाळावर हात मारून घेतला. "झालं," ती शेजारणीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "एरवी तोंड उघडत नाही, आणि उघडतो तेव्हा हे."

पाद्रीबाबा घुटमळले. "नाही" म्हणणाऱ्याला पुढे काय म्हणायचं, हे रिवाजात कुठेच नव्हतं. कोलार एकदा त्यांच्याकडे, एकदा पोन्सकडे पाहत होता. त्याने काहीतरी विचारलं. पाद्रीबाबांनी हळू आवाजात सांगितलं. सांगायला वेळ लागला.

कोलारचा चेहरा बदलला की नाही, हे पोन्सला कळलं नाही, कारण त्याने वर पाहिलंच नाही. त्याला फक्त कोलारचे पाय दिसले, नव्या चिंध्या बांधलेले. ते ग्रीझाजवळ गेले. कोलारने खाली वाकून तिचा पुढचा पाय उचलला, खूर अंगठ्याने दाबून पाहिला, पुन्हा दाबला. मग बरगड्यांवरून हात फिरवला. मग तो चार शब्द बोलला.

"खूर बरा झालाय म्हणतो," पाद्रीबाबा म्हणाले.

"आणखी?" बर्मोंदाने विचारलं.

"एवढंच."

यात्रेकरूला गावच्या उत्तर शिवेवरच्या क्रूसापर्यंत पोचवायला जावं लागे. दुसरं कुणी निघालं नाही, म्हणून पोन्स गेला. कोलार पुढे काठी टेकत चालला होता, मध्ये गाढवीण, मागे पोन्स. माळ धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसत होता आणि वाट सरळ होती, माणसाने हरवावं असं तिच्यात काही नव्हतं.

क्रूसाशी पोन्स थांबला. कोलारने मागे वळून पाहिलं, मान हलवली आणि चालू लागला. ग्रीझा थांबली. या क्रूसापलीकडे ती वर्षभरात कधी गेली नव्हती. पोन्स तिला इथेच चरायला आणे आणि इथूनच परत नेई. तिने पोन्सकडे तोंड फिरवलं आणि उभी राहिली. पुढून कोलारने तिला तिच्या नावाने हाक मारली. तिचे कान तिकडे गेले, पाय हलले नाहीत.

"जा," पोन्स म्हणाला.

ती त्याच्या झग्याचा वास घेऊ लागली.

कोलार दुसऱ्यांदा हाक मारून थांबला. तो परत आला नाही. वाटेत उभा राहून वाट पाहू लागला. त्याने परत यावं आणि तिला ओढून न्यावं, असं पोन्सला वाटत होतं, पण तो काही येत नव्हता.

वर्षभरात पोन्सने तिच्या अंगावर कधी हात उगारला नव्हता. त्याने हात वर नेला आणि तिच्या पाठीवर सगळ्या ताकदीने मारला. ती दचकली, चार पावलं पळाली, वळून त्याच्याकडे पाहिलं. तो ओरडला, त्याला स्वतःलाही अनोळखी वाटेल अशा आवाजात, आणि खालचा दगड उचलला. तेव्हा ती निघाली. कोलारला तिने गाठलं. त्याने तिच्या मानेवर हात टाकला, आणि दोघं खालच्या वळणापर्यंत दिसत राहिली.

पोन्स दगड हातात धरून तिथेच उभा होता. तळहात झोंबत होता. त्यावर तिच्या अंगाचे राखाडी केस चिकटले होते, आणि ते झटकावेत की नाही हे त्याला ठरवता येईना.